अक्षरामागे पाच रुपये

तांब्यापितळेवर नाव घालून घ्यायला लोक कसब्यात येतात.
चि. पासून कै. पर्यंत
सगळी नावं मी ठिपक्याठिपक्यांनी काढली आहेत.
आकडा घालायला एकच बाई आली.

मृणालिनी सहस्रबुद्धे. सिमला ऑफिसातून रिटायर,
छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गावचा पाऊस
मिलिमीटरात मांडला म्हणे.
पिशवीतून तांब्या काढला, वाण्याच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेलं:
७३९३९१३३

"फोन नंबर का? पुण्यातला दोनाने सुरू होतो."
"फोन नव्हे."
"मग स्वल्पविराम देऊ? त्याचे पैसे लावत नाही."
"नको. सलग."

मी मोठ्यांदा वाचून पाहिलं.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
आमच्या आळीने एवढी रक्कम
तोंडानेसुद्धा कधी हाताळलेली नाही.

म्हणाल्या, याला कुणी भागत नाही.
एक सोडा, तो सगळ्यांच्या घरी जेवतो.
बाकीचे येतात आणि बाकी घेऊन परत जातात.
मी म्हटलं, थांबा ताई, तेरा त्रिक एकोणचाळीस.
पाढे माझेही पाठ आहेत.
हसल्या. "पुढे सात उभा राहिला की
तेराचं काही चालत नाही."

छिन्नी लावली.
सात वळणदार आला, नऊही.
शेवटच्या तिनापर्यंत मनगट उतरतं,
ते लपवलं नाही:
आमचा शेवट जरा उथळ पडतो,
चिंचेने घासून घासून आधी तोच जाईल.

"जाऊ दे," लगेच म्हणाल्या.
"तो तीन गेला तरी उरलेल्याला कुणी भागत नाही.
मग अलीकडचा तीन जाऊ दे.
एक जाऊ दे. नऊ. तीन. नऊ. तीन.
दर वेळी उरेल तो अख्खाच.
शेवटी सात, तोही तसाच."

आणि पुढे वाढवला तर?
हे धंद्यासाठी विचारलं, अक्षरामागे पाच रुपये मिळतात.
त्यांनी नवव्या जागेवर,
कोऱ्या तांब्यावर बोट ठेवलं.
"इथे शून्य, दोन, चार, सहा, आठ ठेवा, दोन घुसतो.
पाच ठेवा, पाच घुसतो.
एक किंवा सात ठेवा, तिनाला दार उघडं.
उरले तीन आणि नऊ.
त्यांच्यासाठी एक रात्र जागले.
लांबचा कुणीतरी निघतोच.
हा इथे संपतो. असा, याच्याहून मोठा, दुसरा नाही."

चाळीस रुपये झाले.
त्यांनी घासाघीस केली नाही,
तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली.

परवा आल्या. नऊ वर्षांनी.
तांब्याला पोच आला होता, नळावर निसटला म्हणे.
शेवटचा तीन गेलेला.
अलीकडच्याचे दोन ठिपके, तेही मला दिसले
कारण मीच मारले होते.
"उजळून देतो. पैसे नकोत."
"नको हो. त्याचं चाललंय ते बरं चाललंय."
पदराने पुसून, तांब्या डोळ्यांजवळ नेऊन
एकेक वाचला, आणि खुर्चीत बसल्या
पोच निघेपर्यंत.

मी ठोकत होतो आणि मोजत होतो.
जन्मात मोजले नव्हते.
एकशे अठराव्याला पोच निघाला.
एकशे अठरा, दोनाने जातो.
बाईंना काय देणार असा तांब्या?
एक ठोका जास्त मारला,
हलकाच, बुडाशी, कुणाला कळू नये असा.

रात्री भाकरी मोडताना
चौथीतल्या गुरुजींच्या चालीत आपोआप आलं:
सतरा सत्ते
एकोणीसासे.

भाकरी तशीच हातात.
तांब्या केव्हाच घरी गेला होता.